हिवाळ्यात उठवलेली स्कूटर

माझ्या ओदेत मावशीला स्कूटर चालवता येत नाही, कधी आलीच नाही, लग्न झाल्यापासून ती मागेच बसलीय. पण हिवाळ्यासाठी स्कूटर झोपवावी कशी हे तिच्याइतकं आमच्या या व्हर्दन उपनगरात कोणालाच येत नाही, एक फेर्नांकाका सोडला तर. आणि काकाला आता सोडूनच द्यावं लागेल, तेच सांगतेय.

झोपवणं हा काकाचा शब्द. बाकीचे लोक स्कूटर ठेवतात, काका झोपवायचा. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी त्यांच्या घरामागच्या गल्लीत सगळ्यांच्या स्कूटर गोळा व्हायच्या, ज्याच्याकडे शेड नाही तो काकाच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून लावायचा, आणि मावशी भल्या मोठ्या पातेल्यात वाटाण्याचं सूप करायची, हाडूक घालून, इतकं घट्ट की चमचा उभा राहील. काका एका हातात वाडगा आणि दुसऱ्या हातात पाना घेऊन सगळ्यांवर डाफरत फिरायचा. टाकी गळ्यापर्यंत भरा रे, रिकाम्या टाकीत ओल धरते. पेट्रोल नासू नये म्हणून ते बाटलीतलं औषध घाला आणि थोडं इंजिन चालवा, म्हणजे औषध कार्ब्युरेटरपर्यंत उतरेल. ऑइल गरम आहे तोवर बदला. प्लग काढून आत चमचाभर ऑइल सोडा, हळू किक मारा. बॅटरी घरात न्या. चाकं फळीवर चढवा, फरशी गार असते. सायलेन्सरच्या तोंडात तारेची घासणी कोंबा नाहीतर उंदीर संसार थाटतील. वरून जुनी चादर, प्लास्टिक नको, प्लास्टिकखाली तिला घाम येतो.

आणि मग शेवटचं, जे तो प्रत्येक वर्षी बोट वर करून सांगायचा, की आता मे महिन्यापर्यंत कोणी हात लावायचा नाही. चालू करून बघायचं नाही. एक मिनिट पण नाही.

हे मुख्यतः गल्लीपलीकडच्या इव्होंसाठी असायचं. इव्हों म्हणजे काकाचा जुना दोस्त, दोघंही शहराच्या बर्फ उचलायच्या गाड्यांवर होते, काका चालवायचा आणि इव्हों पुढे चालत रस्ता मोकळा करायचा. इव्होंला राहवायचं नाही. जानेवारीत एखाद्या रविवारी त्याच्या शेडमधून फटफट ऐकू यायची आणि काका नुसत्या स्वेटरवर गच्चीत जायचा.

"इव्हों, बंद कर ते."

"माझी गाडी आहे, मला तिचा आवाज ऐकावासा वाटतो."

"मग रेडिओ लाव. झोपलेल्या माणसाला उठवून जिन्यावरून पळवतोस आणि घाम फुटला की तसाच परत पांघरुणात कोंबतोस, मरेल नाहीतर काय होईल."

"पाच मिनिटं तर चालवली."

"तेच तर. पाच मिनिटांत गरम कुठे होते ती? आत पाणी सुटतं, ते सगळं ऑइलमध्ये उतरतं. मेमध्ये रडत येशीलच माझ्याकडे."

आणि तो यायचाच. काका आधी इथल्या रीतीप्रमाणे चर्चमधल्या सगळ्या भांड्याकुंड्यांची नावं घेऊन शिव्या घालायचा, मग दुरुस्त करून द्यायचा.

काकाची स्वतःची गाडी निळी होती, म्हणजे आहे, जुनी, किकवाली, मागच्या सीटला मावशीने स्वतः शिवलेलं कव्हर. बॅटरी हिवाळाभर मावशीच्या फडताळात, बिटाच्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी. त्यावरून दरवर्षी भांडण. "या घरात माझ्या लोणच्याला जागा नाही पण तुझ्या बॅटरीला आहे." "तुझं लोणचं कधी आपल्याला आइसक्रीम खायला घेऊन गेलंय का, म्हातारे?" त्यांना मूलबाळ नाही. उन्हाळ्यात रोज संध्याकाळी जेवण झालं की दोघं नदीकाठाने जायचे, तो पुढे, ती मागे, येताना तिच्या हातात वितळलेला कोन आणि त्याच्या पाठीवर त्याचे डाग. तिचं सगळं सुख एवढंच होतं असं मला वाटतं. शाळेच्या कँटीनमध्ये आयुष्यभर हजारो पोरांना वाढलं तिने, पण सुखाचं विचारलं तर ती त्या कोनाबद्दल बोलते.

गेल्या ऑगस्टमध्ये काकाला स्ट्रोक आला. उजवी बाजू गेली, ती थोडी परत आली, पण डोकं परत आलं नाही. म्हणजे कधी यायचं, कधी नाही. घरी जिना चढणं शक्यच नव्हतं, आणि रात्री उठून कामावर निघायचा, बर्फ पडलाय म्हणायचा, सप्टेंबरमध्ये. शेवटी त्याला म्हाताऱ्या आजारी माणसांच्या होममध्ये ठेवलं. मावशी रोज बसने जायची, फक्त रविवारी नाही, कारण रविवारी बस तासाला एक आणि तिचे गुडघे. रविवारी फोन करायची. मी युनिव्हर्सिटीतून रविवारी तिच्याकडे जेवायला यायचे म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालंय.

तर नोव्हेंबरमध्ये काकाशिवाय स्कूटर झोपवायचा पहिला शनिवार आला. सगळ्यांना वाटलं या वर्षी काही होत नाही. मावशीने सूप केलं, काकाचा जुना ओव्हरकोट घातला, आणि निळी गाडी एकटीने झोपवली. टाकी, औषध, ऑइल, प्लग, चमचाभर ऑइल, फळी, घासणी, चादर. कोणाला हात लावू दिला नाही. इव्हों बाजूला वाडगा घेऊन उभा होता, तो म्हणाला, "ओदेत, किक जरा हळू," आणि तिने नुसतं बघितलं त्याच्याकडे, तो परत सूप प्यायला लागला.

बॅटरी फडताळात ठेवताना मला म्हणाली, "मेमध्ये त्याला इथे आणू. चालवायची नाही, नुसता बसेल तिच्यावर. ती सुरू झाली की सगळं आठवेल त्याला, बघ."

डिसेंबरच्या मध्याला ती एकदा होमवरून आली आणि कोट न काढता स्वयंपाकघरात बसून राहिली. परीक्षा संपल्या म्हणून मी तिच्याकडेच होते, चहा ठेवला. विचारलं, काय झालं.

"फेर्नांने विचारलं, या आठवड्यात गाडी चालू केलीस का."

मला हसू आलं. मला वाटलं तो गंमत करत असेल.

"हसू नकोस," ती म्हणाली. "फेर्नां हे विचारूच शकत नाही."

मग मला कळलं. त्याला तिचं नाव आठवलं नसतं तरी तिला इतकं लागलं नसतं, खरंच. नाव तो दोनदा विसरला होता, तेव्हा ती म्हणाली होती माझं नाव मलाच आवडत नाही. पण हे म्हणजे... ज्याने आयुष्यभर गच्चीतून ओरडून सांगितलं की हिवाळ्यात हात लावू नका, तोच विचारतोय, चालू केलीस का.

तिने त्याला सांगितलं होतं तिथे, प्रेमाने, की अरे हिवाळ्यात नाही करत ना, तूच शिकवलंस. तो रडायला लागला. म्हणाला, मेली ती, तुम्ही मला सांगत नाही, विकलीत तिला. त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी नाही. त्याची काळजी घेणारी मिर्लांद नावाची हैतीची बाई आहे, फार गोड बाई, तिने मावशीला फोन केला. "मादाम ओदेत, ते तोंडच उघडत नाहीत हो. एकदा ऐकवून टाका ना त्यांना त्या गाडीचा आवाज. फोनवर ऐकवा. मी धरते कानाला."

रविवारी मावशीने फडताळातून बॅटरी काढली. मी शेडसमोरचा बर्फ उपसला, दार उघडं ठेवलं धूर साचू नये म्हणून, तिने चादर काढली, घडी करून फळीवर ठेवली, बॅटरी जोडली, आणि किक मारली. काहीच नाही. परत. परत. धाप लागली तिला. गाडी नुसती गुदमरल्यासारखा एक आवाज करायची आणि गप्प. तेवढ्यात कुंपणापलीकडून इव्होंचं डोकं वर आलं.

"मला वाटलं चोर आहे. तू? ओदेत गारिएपी? हिवाळ्यात गाडी चालू करतेयस? थांब, मी फोटो काढतो, फेर्नांला दाखवतो, जागच्या जागी बरा होईल तो."

"इव्हों, गप्प बस."

"चाळीस वर्षं शिव्या खाल्ल्या मी याच्यासाठी."

"त्यानेच सांगितलंय चालू करायला," मी म्हणाले.

इव्हों कुंपण ओलांडून आला, मागे वाकला आणि सायलेन्सरमधली घासणी ओढून काढली. आम्ही दोघी ती विसरलोच होतो. पुढच्या किकला गाडी सुरू झाली. पांढरा धूर, आधी अडखळत आणि मग एकसारखी, टक टक टक. मावशीने एका हाताने हँडल धरलं आणि दुसऱ्याने फोन इंजिनजवळ.

पलीकडे मिर्लांदने तो काकाच्या कानाला धरला होता. मग स्पीकरवर काकाचा आवाज, जाड जिभेचा.

"आयडल खाली आहे. स्क्रू पाव आटा फिरव."

आयडल म्हणजे ॲक्सिलरेटर न पिळता इंजिन ज्या हळू वेगाने चालत राहतं तो, आणि तो खरंच कमी होता. मावशीने माझ्याकडे बघितलं. ते मी सांगूच शकत नाही कसं बघितलं. इव्होंने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, फिरवला, टक टक जरा वर आली. "हां," काका म्हणाला, "आता बरी." दुपारी मिर्लांदचा फोन आला, दोन वाडगे सूप खाल्लं, वर पाव मागितला.

बस, तेव्हापासून दर रविवारी.

होमच्या डॉक्टरीणबाईंनी जानेवारीत मावशीला बोलावून सांगितलं की आता त्यांच्या आत ते स्वतः फारसे उरलेले नाहीत, तुम्ही मनाची तयारी करा. चांगल्या शब्दांत सांगितलं, पण अर्थ तोच. मावशी तिथे रडली नाही, घरी येऊन मला फोनवर म्हणाली, "त्या पोरीला काय माहीत. ज्याला आयडल कळतो तो माणूस गेलेला नसतो. परवा म्हणाला ना, थंडीने खोकतेय. खोकतच होती ती. तू होतीस."

मी होते. खोकत होती. पण त्याच्या पुढच्या रविवारी काका फक्त "चांगली आहे" म्हणाला. त्याच्या पुढच्या रविवारी "छान". मग नुसतंच छान, छान. मला दिसत होतं ते. मला वाटतं तिलाही दिसत असणार, पण तिने छानवरच भागवलं. छान म्हणजे ओळखलं ना त्याने आवाज, असं म्हणायची. ती सोमवारी होमला गेली की त्याला सांगायची, काल तू आयडल नीट केलास बरं का, आणि तो मान हलवायचा.

गाडीचं काय होतंय ते आम्हाला तिघांनाही कळत होतं. बाहेर उणे वीस, पाच-सात मिनिटांत ती काय गरम होणार. सायलेन्सरमधून पाणी ठिबकायचं, त्याचा खाली बर्फाचा पेढा व्हायचा. इव्हों एकदा ऑइल मोजायची कांडी बाहेर काढून मावशीपुढे धरायला लागला.

"बघ जरा."

"नाही बघायचं."

"चालवायचीच तर अर्धा तास चालव, पुरती तापू दे. नाहीतर सोड."

"अर्धा तास तो फोन धरून बसेल का? तीन मिनिटांत झोप लागते त्याला."

"मी कोणाला सांगतोय बघ. फेर्नांच्या बायकोला. कांडी बघ, ओदेत, फेसाळलंय."

"मला माहितीये, इव्हों. तुझ्यापेक्षा जास्त माहितीये मला, तू शिव्या खात होतास तेव्हा मी शेजारी उभी होते."

तो गेल्यावर मी विचारलं, मग कशाला करतेस. ती बॅटरीवरचा बर्फ त्या ओव्हरकोटच्या बाहीने पुसत होती.

"मी नाही चालू केली तर गाडी मेपर्यंत टिकेल," म्हणाली. "फेर्नांचं मला माहीत नाही."

वाटलं, ठीक आहे, ती गाडी जाळून त्याला ऊब देतेय, देऊ दे. हिशोब तिचा आहे. दर रविवारी तो ओळखतोय, जेवतोय, म्हणजे तिला काहीतरी मिळतंय. हेच मला वाटत होतं, देवाशपथ, आणि म्हणून जे झालं ते मला अजून सहन होत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी मोठं वादळ आलं. शनिवारभर बर्फ पडत होता, रविवारी सकाळी गल्ली दिसतच नव्हती, शेडच्या दाराच्या कडीपर्यंत बर्फ. इव्होंने त्याचं बर्फ उडवायचं मशीन काढलं, ते हाताने ढकलायचं, लाल, आणि शेडपर्यंत वाट करून दिली. मग तो पुढे गल्लीच्या तोंडाकडे निघाला आणि आम्ही गाडी काढली.

किक. काही नाही. मावशीने घासणी तपासली, काढलेली होती. चोक. किक. मी मारली. माझा पाय दुखायला लागला. किक खाली जातच नव्हती नीट, मध्येच अडकल्यासारखी, जणू आत कोणी तिला धरून ठेवलंय. इव्होंने लांबून बघितलं, मशीन तसंच चालू ठेवून आला, त्याने एकदाच किकवर वजन टाकलं आणि पाय काढून घेतला.

"जाम झालीय," तो म्हणाला.

"परत मार."

"ओदेत, जाम झालीय. मोडेल."

आणि फोन वाजला. मिर्लांदची वेळ असते ना, ती जेवण वाढायच्या आधी लावते. मावशीने हातमोजे काढून स्पीकर लावला. "हे घ्या, तुमची मैत्रीण," मिर्लांद पलीकडे काकाला म्हणाली, "ऐका आता."

मावशीने तोंड उघडलं. ती सांगणार होती. मला माहीत आहे ती सांगणार होती, नाही सुरू झाली रे आज, कारण ती त्याच्याशी खोटं बोलत नाही, कधीच बोललेली नाही. पण ती बोलायच्या आधी काका बोलला.

"हां," तो म्हणाला. "सुरू झाली. छान चाललीय."

आम्ही तिघं तिथे उभे. गाडी गप्प. आणि गल्लीच्या तोंडाशी इव्होंचं ते बर्फाचं मशीन, जाड, घोगरं, ट्रॅक्टरसारखं धडधडत होतं. त्याचा आणि आमच्या निळीचा आवाज म्हणजे म्हैस आणि चिमणी. शाळेतल्या पोराला पण कळेल. आणि काका आयुष्यभर बर्फाच्या मशीनवर बसलेला माणूस, त्याला ते मशीन झोपेतही कळायला हवं होतं.

"आयडल?" मावशीने विचारलं. "फेर्नां, आयडल कसा आहे?"

"छान," काका म्हणाला. "छान आहे."

इव्हों पळत गेला मशीन बंद करायला. मला वाटतं त्याला दुसरं काही सुचलं नाही, त्याला ते थांबवायचं होतं. बंद झालं. एकदम इतकी शांतता की झाडावरून बर्फ पडल्याचं ऐकू आलं. फोनमधून काका म्हणाला, "बंद का केलीस?" आणि रडका आवाज काढला. मावशी इव्होंकडे बघून म्हणाली, "लाव. लाव ते परत." त्याने लावलं.

फोन ठेवल्यावर ती शेडच्या उंबऱ्यावर बसली, बर्फात.

"कधीपासून?" ती म्हणाली.

"काय कधीपासून?" मी विचारलं.

"कधीपासून त्याला कळत नाहीये. छान म्हणतोय ते जानेवारीपासून म्हणतोय. मी कशासाठी हिला..." इव्होंने तिला हात दिला तर तिने घेतला नाही.

"आयडल सांगितला होता ना त्याने पहिल्यांदा," इव्हों म्हणाला. "ते खरं होतं. तेव्हा होता तो."

"एक रविवार," मावशी म्हणाली.

त्या आठवड्यात, इव्हों मला नंतर म्हणाला, तिने त्याला ऑइल काढायला सांगितलं. शेडमध्ये ट्रे लावला, बोल्ट काढला, आणि आतून दूध घातलेल्या कॉफीसारखं घट्ट काहीतरी पडलं, त्यात बर्फाचे खडे. इव्होंने नंतर प्लग काढून आत टॉर्च मारला, आत सगळा गंज, आणि टॉर्च बंद केला. मावशीने ट्रेमध्ये बोट बुडवलं, बघितलं, ओव्हरकोटला पुसलं. म्हणाली, "त्याला काही सांगू नकोस." जणू इव्हों काकाला जाऊन सांगणार होता आणि काका गच्चीत येऊन ओरडणार होता.

पुढच्या रविवारी मी आले तर शेडकडे कोणी गेलंच नव्हतं. मावशी स्वयंपाकघरात, टेबलावर फोन, आणि तिचा केस वाळवायचा ड्रायर लावून ठेवलेला. मला बघून म्हणाली, "काय करू, तो जेवत नाही नाहीतर." मिर्लांदचा फोन आला. तिने ड्रायर चालू केला, फोनजवळ धरला. ते घूंऽ असं, त्यात टक टकपण नाही काही, नुसतं वारं.

"छान," काका म्हणाला.

तिने ड्रायर दोन्ही हातांनी धरला होता, जसा माईक धरतात. बंद केल्यावर तिच्या बोटांना चटका बसल्याचं दिसलं, तिला कळलंच नव्हतं. मी थंड पाणी आणायला उठले तर म्हणाली, "बस. काही नाही झालं."

असे तीन-चार रविवार गेले असतील. ती बोलायची कमी झाली होती. होमला रोज जायची तीही एक दिवसाआड जायला लागली, म्हणायची गुडघे. मी आले की जेवण तयार असायचं, पण ती माझ्यासोबत जेवायची नाही, मी जेवायचे आणि ती खिडकीतून शेडच्या पत्र्याकडे बघायची. मला तिला काहीतरी सांगावंसं वाटायचं, काहीही, पण सांगायला काय होतं, सगळं तिला माझ्याआधी कळलेलं होतं.

आणि मग परवाचा रविवार. बाहेर बर्फ वितळायला लागलाय, छपरावरून पागोळ्या, गल्लीत चिखल. फोन आला. मावशीने ड्रायर उचलला, बटणावर अंगठा ठेवला, आणि दाबला नाही. मला वाटलं विसरली. मी हात पुढे केला तर तिने मान हलवली, नको. ड्रायर खाली ठेवला. फोन उचलून स्वतःच्या तोंडाशी आणला.

"फेर्नां," ती म्हणाली, "ऐकू येतंय?"

स्वयंपाकघरात काहीच आवाज नव्हता. फ्रिजसुद्धा त्या क्षणी बंद होता. मी मनात म्हणत होते, नाही म्हण, काका, म्हण की काही ऐकू येत नाहीये, चिडलास तरी चालेल, रडलास तरी चालेल, दोन दिवस जेवू नकोस.

"येतंय," काका म्हणाला. जरा थांबून, "छान चाललीय. ठेव चालू."

मावशीने फोन टेबलावर ठेवला. बंद नाही केला. आम्ही दोघी त्याचा श्वास ऐकत बसलो, जाड, एकसारखा. मग मिर्लांदने फोन घेतला असावा. "मादाम ओदेत? आहात ना? खूश आहेत आज. नेऊ का जेवायला?"

"न्या," मावशी म्हणाली.

मी वाट बघत होते की आता ती रडेल. ती उठली, गच्चीत गेली, आणि समोर इव्हों त्याची स्कूटर बाहेर काढून पुसत होता, त्याला हाक मारली. म्हणाली, "निळी घेऊन जा. जे पार्ट उपयोगी पडतील ते काढ, बाकीचं भंगारात टाक."

इव्हों फडकं हातात घेऊन उभा राहिला. "आत्ता कुठे नेऊ? मेपर्यंत थांब ना, ओदेत. उघडून बघतो मी इंजिन, काही होत असेल तर—"

"कोणासाठी?" मावशी म्हणाली.

ती आत आली, फडताळातली बॅटरी उचलून दाराबाहेर ठेवली, आणि बरण्या सरकवून ती जागा भरून टाकली.